होडीवरची गाठ आणि देवावरचा भरवसा

समुद्रावर जाणाऱ्या लहान होडीत जाळे, नांगर, दोरांची भेंडोळी, गळाच्या काठ्या, बोये, शिसे, इंधनाचा डबा आणि बर्फाची पेटी एवढे सामान थोडक्या जागेत राहते. त्यातले काहीही मोकळे राहिले तर मोठ्या लाटेसरशी ते जागा सोडते. जड वस्तू एका अंगाला सरकली की होडी त्या अंगाला कलते, कलल्यामुळे उरलेले सामानही तिकडेच घरंगळते, आणि काठावरून पाणी आत येऊ लागते. म्हणून किनारा सोडण्याआधी प्रत्येक वस्तू जागच्या जागी बांधणे हा मासेमारीच्या धंद्याचा पहिला नियम आहे. हा नियम काटेकोरपणे पाळणारी माणसेच दर्याला नारळही देतात. या दोन कृतींचा एकमेकींशी संबंध काय, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. गाठ पक्की असेल तर प्रार्थना कशासाठी करायची, आणि प्रार्थनेवर विश्वास असेल तर गाठीची एवढी चिंता का वाहायची?

बांधणीचे तंत्र आधी पाहिले पाहिजे, कारण प्रश्नाचा बराचसा उलगडा तिथेच होतो. होडीवरच्या वस्तूला जो ताण सोसावा लागतो तो तिच्या वजनावरून ओळखता येत नाही. दोन मीटर लांबीची गळाची काठी काठावरच्या पकडीत उभी आहे आणि मोठ्या माशाने तिच्या टोकाला 10 किलोचा आडवा ओढा दिला असे समजू. तरफेच्या नियमाने पायथ्याशी 20 किलो-मीटरचा पीळ पडतो. पकडीच्या तळपट्टीचे बोल्ट एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर असतील, तर ओढ्याविरुद्धच्या बोल्टांवर सुमारे 200 किलोचा ताण येतो. काठी वाकते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी होतो. तरी नुसत्या स्क्रूने फळीत बसवलेली पकड अशा झटक्याला मुळासकट उपसून का येते, हे त्यावरून कळते. जाणता कारागीर बोल्ट आरपार घालतो आणि फळीच्या खालून रुंद पट्टी किंवा मोठे वायसर देतो, म्हणजे ताण एका भोकाभोवती न साठता लाकडाच्या मोठ्या भागावर पसरतो. फायबरच्या होडीत भोकाच्या कडा नीट बंद कराव्या लागतात, नाहीतर पाणी आत मुरून मधले लाकूड कुजत जाते. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या पट्टीत थेट बसवला तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. यातला एकही दोष वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. हाताला घट्ट लागणारी पकड आतून पोकळ झालेली असू शकते.

जाळ्याचा हिशेब याहून कडक आहे. मुंबई, पालघर आणि रायगडच्या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळ्यासाठी डोल जाळे लावतात. पिशवीसारखे हे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून समुद्रात जखडलेले असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की दोरांवरचा ओढा चौपट होतो. भांगाच्या दिवसांत पाणी मंद असते; पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते जोराने धावते. डोलीला धावते पाणीच लागते, त्यामुळे मासळीची आशा आणि दोर तुटण्याची भीती एकाच तिथीला येतात. नांगराचा दोर नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच बांधायचा, मागच्या अंगाला कधीही नाही, हा नियमही असाच अनुभवातून आलेला. होडीची नाळ लाट कापण्यासाठी उंच आणि निमुळती असते. मागचा भाग सपाट, बसका आणि इंजिनाच्या वजनाने दबलेला असतो. तिथे नांगर धरला की मागून येणारी प्रत्येक लाट आत शिरते.

बांधणारा माणूस अशा रीतीने दोन गोष्टींशी एकाच वेळी व्यवहार करत असतो. काही बळे त्याला मोजता येतात आणि त्यांच्यासाठी तो तजवीज करतो. काही मोजता येत नाहीत: दोराच्या आतला कुजका धागा, अचानक फिरलेला वारा, अंधारात आडवे आलेले जहाज. धर्मभावनेचा शिरकाव नेमका या दोहोंच्या सीमेवर होतो, असे मानववंशशास्त्रातले एक प्रसिद्ध मत आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या अभ्यासकाने पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून तिथल्या मच्छीमारांचे निरीक्षण केले. बेटाच्या आतल्या शांत खाजणात मासे मारताना लोक केवळ आपल्या ज्ञानावर विसंबतात, तिथे मंत्रतंत्र नसते. खुल्या समुद्रातल्या धोक्याच्या मासेमारीला मात्र मंत्रांची मोठी जोड असते, अशी नोंद त्याने 1925 सालच्या आपल्या निबंधात केली. ज्ञान संपते तिथे मंत्र सुरू होतो, असा निष्कर्ष त्यातून बहुतेकांनी काढला, आणि तो आजही सर्रास सांगितला जातो.

त्याच मालिनोव्स्कीच्या 1922 सालच्या मोठ्या ग्रंथातली एक माहिती या निष्कर्षाला पुरती जुळत नाही. ट्रोब्रियंडच्या होडीचा कोरीव ओंडका, बाजूच्या फळ्या आणि तोल सांभाळणारी उलांडी हे सगळे ‘वायुगो’ नावाच्या वेलीने आवळून बांधलेले असते. लोखंडाचा एक खिळाही त्यात नसतो. होडीच्या मंत्रांमध्ये ज्याला फार मोठे स्थान आहे तो मंत्र याच वेलीच्या भेंडोळ्यावर म्हटला जातो, आणि मग ती वेल बांधायला घेतात. दूरच्या सफरीपूर्वी जुनी बांधणी काढून नवी घालण्याचीही रीत होती. मंत्र इथे कौशल्याच्या पलीकडे, रिकाम्या जागेत उभा नाही. सगळ्यात जास्त कसब जिथे लागते त्या गाठीवरच तो म्हटला जातो. मंत्र म्हटला म्हणून कोणी वेल सैल बांधत नाही; कामाच्या जागी मंत्र चालत नाही, हे ते लोक पक्के ओळखून होते, असे मालिनोव्स्कीनेच लिहिले आहे. श्रद्धा म्हणजे अज्ञानावर घातलेले पांघरूण, ही समजूत म्हणूनच अपुरी वाटते. ज्याला वेलीची ताकद ठाऊक आहे त्यालाच तिची मर्यादाही ठाऊक असते, आणि अशा माणसाची प्रार्थना अडाण्याच्या भीतीपेक्षा वेगळी असते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही खिळ्यांविना, काथ्याच्या दोराने फळ्या शिवून होड्या बांधण्याची परंपरा होती. भोजराजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात समुद्रावर जाणाऱ्या जहाजाच्या बांधणीत लोखंड वापरू नये असे सांगितले आहे, आणि पाण्यातले चुंबकीय खडक लोखंडाला ओढतील असे कारण दिले आहे. ते कारण चुकीचे आहे. तरी शिवलेल्या बांधणीचा खरा फायदा मोठा होता: लाटेच्या आणि वाळूच्या धक्क्याला ती लवते, खिळ्यांसारखी फळी फोडत नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात याच पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ 2025 साली कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. रीत बरोबर आणि तिचे सांगितलेले कारण चूक, असे धर्माचारांत पुष्कळदा दिसते. अशा वेळी कारण खोडून काढताना रीतही फेकून द्यायची घाई करू नये.

दैव आणि प्रयत्न यांचा भारतीय परंपरेतला सर्वांत नेटका विचार गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म सिद्धीला जायला पाच कारणे लागतात असे तिथे म्हटले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी आपल्या टीकेत या पाचांचे विस्ताराने विवरण केले आहे. होडीवर ही पाचही कारणे हाताने दाखवता येतील. होडी हे अधिष्ठान, होडी चालवणारा तांडेल हा कर्ता, दोर-बोल्ट-नांगर ही साधने, बांधणे-ओढणे-वल्हवणे या हालचाली, आणि वारा-पाणी यांची अनुकूलता हे दैव. या मांडणीत दैव पाचांपैकी एक आहे. पहिल्या चारांत राहिलेली कसर पाचवे भरून काढील, असे गीता कुठेही म्हणत नाही. तसेच पाचही कारणे असताना केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही ती लगेच पुढे सांगते. मासळीने भरलेली होडी घेऊन परतलेल्या तांडेलाला दोन्ही वाक्ये सारखीच लागू पडतात.

नियतिवाद्यांचा आक्षेप याहून टोकाचा आहे. बुद्धाचा समकालीन मक्खलि गोसाल आणि त्याचा आजीवक पंथ यांच्या मते जे व्हायचे ते ठरलेलेच आहे. माणसाच्या प्रयत्नाने त्यात तिळमात्र फरक पडत नाही. मग होडी परत यायची असेल तर सामान मोकळे टाकले तरी येईल. बुद्धाने या मताचा कडक निषेध केला, कारण ते माणसाची कर्तव्याची जाणीवच मारून टाकते. ग्रीक स्टोइक पंथातल्या क्रिसिपसने याच युक्तिवादाला दिलेले उत्तर तर्काच्या दृष्टीने अधिक नेमके आहे. होडीचे परतणे ठरलेले असेल तर गाठ बांधली जाणेही त्याच्याबरोबरच ठरलेले आहे. दोन्ही एकाच साखळीतले दुवे आहेत, मधला दुवा काढून शेवटचा शिल्लक राहत नाही. नियती खरी मानली तरी आळसाला तिचा आधार मिळत नाही, एवढे यातून सिद्ध होते, आणि बांधणाऱ्याला तेवढे पुरे आहे.

ईश्वरावर भरवसा ठेवणाऱ्या धर्मांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने घेतला. तिर्मिझीच्या हदीससंग्रहात एक माणूस पैगंबरांना विचारतो की, उंट बांधून अल्लावर भरवसा ठेवू की मोकळा सोडून ठेवू? उत्तर मिळते की आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर मुसलमान मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. तिथे उंटाच्या जागी होडी घातली की उपदेशात काहीच बदलावे लागत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी घ्यायला सांगतो, देवदूत झेलतीलच म्हणून. देवाची परीक्षा पाहू नये, असे सांगून येशू नकार देतो. त्याच अध्यायात पुढे याकोब आणि योहान हे मच्छीमार भाऊ भेटतात, आणि त्या वेळी ते होडीत बसून जाळी नीट करत असतात. सामान मोकळे टाकून देवावर हवाला ठेवणे म्हणजे शिखरावरून उडी घेण्यासारखेच आहे: त्यात भरवशापेक्षा देवाला वेठीला धरणे अधिक आहे. गोव्यात 29 जूनला संत पेत्रू आणि पावलू यांच्या सणाला मच्छीमार होड्या शेजारी-शेजारी घट्ट जखडून ‘सांगोड’ तयार करतात आणि त्यावर उत्सव करतात. तिथे बांधणी हीच पूजेची सामग्री होते.

कोळीवाड्यांतला क्रमही बोलका आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, जाळी तुणतात, दोर बदलतात, फळ्यांना तेल-रंग देतात. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला सोनेरी वेष्टनातला नारळ दर्याला देतात. आधी दुरुस्ती आणि मग पूजा, हा क्रम सहज पडलेला असला तरी धर्मदृष्ट्या तोच योग्य आहे. आपल्याकडून जे करायचे होते ते केले, असे सांगता येणाऱ्या माणसाच्या मागण्याला वजन असते.

गाठ न बांधणाऱ्याच्या श्रद्धेचे काय करायचे, यावर इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड याने 1877 साली एका जहाजमालकाचे उदाहरण घेऊन निबंध लिहिला. मालकाला जहाज जुने झाल्याची शंका येते. आजवर ते सुखरूप आले, ईश्वर प्रवाशांना सांभाळील, असे मनाला समजावत तो शंका दाबतो आणि पूर्ण विश्वासाने जहाज पाठवतो. जहाज बुडते. क्लिफर्ड त्याला दोषी ठरवतो, कारण विश्वास प्रामाणिक असला तरी तो कमावलेला नव्हता. तपासणी टाळून मिळवलेला होता. पुढे तो असेही म्हणतो की जहाज सुखरूप पोहोचले असते तरी दोष तेवढाच राहिला असता. क्लिफर्डने या जोरावर सगळ्याच धर्मश्रद्धेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि तिथे त्याची उडी फार लांब पडली. तपासता येणाऱ्या गोष्टीवरचा विश्वास आणि तपासण्यापलीकडच्या गोष्टीवरचा भरवसा यांत फरक आहे. बोल्टाखालची पट्टी वाकून पाहता येते. ती न पाहता देवाचे नाव घेणाऱ्याला क्लिफर्डचा ठपका पुरता लागू होतो. ती पाहून, बदलून, मग हात जोडणाऱ्याला तो लागू होत नाही. होडीवर मालकाबरोबर खलाशीही असतात, ही गोष्टही विसरता येत नाही. स्वतःच्या जिवाची जोखीम श्रद्धेच्या नावाने घेता येईल, दुसऱ्याच्या जिवाची घेता येत नाही.

आतापर्यंतचा विचार घट्ट बांधण्याच्या बाजूचा झाला. बांधणीत दुसरी बाजूही आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ती अधिक खोल आहे. होडीवरची प्रत्येक गाठ निरगाठ असून चालत नाही. इंजिन, नांगराचा खुंट, पेट्या यांना पक्की बांधणी हवी. पाण्यात सोडलेल्या जाळ्याचा दोर मात्र प्रसंगी तत्काळ सोडता आला पाहिजे. जाळे खडकात अडकले किंवा जाणाऱ्या जहाजाने ओढून नेले, तर तो दोर होडीलाच खाली किंवा मागे खेचू लागतो. म्हणून तो सुरगाठीने अडकवतात. खुंट्याला वेढे देऊन शेवटच्या वेढ्यातून दोराचे टोक पूर्ण ओढून न घेता दुमडून अर्धेच आत घालायचे आणि मोकळे टोक हाताशी ठेवायचे. ओढा आला की वेढा आवळतो. मोकळे टोक खेचले की गाठ सुटते. भिजलेला दोर फार ताणाखाली कधी कधी तरीही अडतो, म्हणून धारदार सुरी हात पोहोचेल अशा जागी ठेवलेली असते.

ती सुरी चालवणे सोपे नसते. जाळे बहुधा कर्जावर घेतलेले असते, हंगामाची सगळी कमाई त्यात गुंतलेली असते. दोर कापायला एक क्षण उशीर झाला तर होडी जाते, आणि तो क्षण माणूस जाळ्याच्या किमतीचा विचार करण्यात घालवतो. अनासक्तीची शिकवण पुष्कळांना संन्याशांपुरती वाटते, पण तिचा खरा कस अशा ठिकाणी लागतो. अनासक्त माणूस जाळे निष्काळजीपणे बांधत नाही. तो ते जीव लावून बांधतो आणि सोडायची वेळ येईल हे बांधतानाच मान्य करतो. सुरगाठ घालताना हा निर्णय अर्धा घेऊन झालेला असतो. सगळेच निरगाठीने आवळणारा माणूस बाहेरून अधिक सावध दिसतो, प्रत्यक्षात तो समुद्राशी तडजोडच नाकारत असतो. सैल बांधणाऱ्याइतकाच तोही चुकतो, आणि धर्मोपदेशात या दुसऱ्या चुकीकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

सोडलेल्या किंवा सुटलेल्या जाळ्याची गोष्ट तिथे संपत नाही. नायलॉनचे जाळे पाण्यात वर्षानुवर्षे टिकते आणि कोणाच्याही हाताविना मासे, खेकडे, कासवे पकडत राहते. कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवेही अशा जाळ्यांत गुरफटतात. या मृत्यूंचा कर्ता कोण? मारण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, मासळीही कोणाच्या घरी गेली नाही. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’ने या प्रश्नाला फार उपयोगी कसोटी दिली आहे. प्रमादाने, म्हणजे बेसावध वृत्तीने, घडलेली प्राणहानी ही हिंसा, अशी तिथली व्याख्या आहे. मुळात मासेमारीलाच जैन विचार हिंसा मानतो, तो भाग वेगळा. तरी ज्याचा हा पिढीजात धंदा आहे त्यालाही ही कसोटी लावता येते. जीव वाचवण्यासाठी कापलेले जाळे आणि जुना दोर बदलायचा कंटाळा केल्यामुळे तुटून गेलेले जाळे, दोन्ही पाण्यात सारखीच हानी करतात. पण पहिल्यात प्रमाद नाही, दुसऱ्यात आहे. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी नैतिक दैवाचा जो प्रश्न चर्चेला आणला, त्यात परिणाम नशिबावर सोडले तर दोषाचे माप कशाने काढायचे ही अडचण आहे. प्रमादाची कसोटी ती अडचण पुरती सोडवत नाही, पण माप कुठे लावायचे ते सांगते: गाठ बांधली त्या वेळच्या लक्षावर.

कापलेल्या जाळ्याच्या बाबतीतही कर्तव्य उरतेच. जागा लक्षात ठेवणे, इतर होड्यांना सांगणे, पाणी शांत झाल्यावर ते काढायचा प्रयत्न करणे हे प्रायश्चित्ताचे व्यवहारातले रूप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2018 साली मासेमारीच्या साधनांवर ओळखचिन्ह लावण्यासंबंधी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. हरवलेले जाळे कोणाचे ते कळावे आणि ते परत मिळवता यावे, हा त्यांचा एक हेतू आहे. जाळ्याच्या दोराला बांधलेली ती लहानशी खूण सुरगाठीने बांधत नाहीत. होडीपासून जाळे सुटले तरी मालकाची जबाबदारी त्याच्याबरोबर राहावी म्हणून ती निरगाठीनेच बांधायची असते.